कतारगामच्या गॅलरीतली माती

सुरतेत कुठे राहता, असं कुणी विचारलं आणि मी "कतारगाम" म्हटलं, की ठरलेली उत्तरं येतात. माणूस गुजराती असेल तर म्हणतो, "वाह, पापडी!" मराठी असेल तर आधी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीवरून एक विनोद करतो आणि मग विचारतो, "म्हणजे हिऱ्यांचे कारखाने ना?" दोघंही बरोबर असतात. पण गेली दोन वर्षं आमच्या घरी येणारे पाहुणे तिसरीच वस्तू बघायला मागतात. ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, दोन विटांवर, ओल्या गोणपाटाखाली असते. गांडुळांचा डबा.

डब्याकडे नेण्याआधी तुम्हाला थोडं कतारगाम दाखवतो, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींशिवाय सांगता येणार नाहीत.

जुन्या सुरतेच्या उत्तरेला कतारगाम दरवाजा. तिथून मुख्य रस्ता सरळ तापीवरच्या अमरोली पुलाकडे जातो. दोन्ही बाजूंना हिऱ्यांचे कारखाने, लूम्सचे गाळे, मधूनमधून फरसाणाची दुकानं आणि त्यांच्यावर उभ्या चार-पाच मजली सोसायट्या. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यांतून रत्नकलाकार बाहेर पडतात तेव्हा रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागतात. यातले बहुतेक सौराष्ट्रातले. दिवाळीला कारखाने बंद झाले की हे सगळे गावाकडे जातात आणि कतारगाम इतकं शांत होतं की गल्लीत मुलं मधोमध क्रिकेट खेळतात. कंतारेश्वर महादेवाचं जुनं देऊळ इथलंच. गावाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे असं इथली जुनी माणसं सांगतात. पश्चिमेला वेड रोड, डभोली, सिंगणपोर. सिंगणपोरला तापीवर बंधारा आणि त्यावरून पलीकडे रांदेरला जाणारा कॉजवे. पावसाळ्यात नदी भरली की तो बंद होतो आणि लोक संध्याकाळी नुसतं पाणी बघायला येतात.

ही सगळी जमीन तापीच्या गाळाची. हिरे आणि लूम्स यायच्या आधी इथे वाड्या होत्या आणि त्यात पापडी पिकायची. आपल्या वालपापडीची ही सुरती बहीण. सुरतेचा खवय्या उंधियुसाठी आजही भाजीवाल्याला "कतारगामनी छे ने?" असं विचारतो. आता वाड्यांवर इमारती आहेत. पापडी आसपासच्या गावांतून येते, नाव मात्र कतारगामचंच चालतं.

आमचे नाना इथे आले ते लूमवर काम करायला. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव सोडून, त्याच तापीच्या दुसऱ्या टोकाला. खानदेशातून सुरतेला आलेल्या हजारो घरांची गोष्ट तीच आहे. भुसावळ लाइनची गाडी पकडायची, आधी आलेल्या कुणा भावकीतल्या माणसाकडे टेकायचं आणि पाळी धरायची. मी वेड रोडच्या एका खोलीत वाढलो. आज मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर कतारगाममध्ये आहे, पण नाना अजून रोज सकाळी सहाला उठून सगळ्यात आधी एकच काम करतात. घरातला कचरा उचलून खाली नेतात. महापालिकेची गाडी यायला अजून तास-दीड तास असतो. तरी.

म्हणून जानेवारी २०२३ मध्ये मी "ओला कचरा आता गॅलरीतच ठेवायचा, त्याचं खत करायचं" असं जाहीर केलं, तेव्हा नाना जेवता जेवता थांबले.

"कचरा घरात ठेवायचा?" ते म्हणाले. "चौऱ्याण्णव विसरलास?"

विसरलो नव्हतो. सप्टेंबर १९९४. त्या वर्षी पाऊस मोठा झाला होता, तापीचं पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं होतं. ते ओसरल्यावर मागे राहिला चिखल, मेलेली जनावरं आणि कुणी न उचललेला कचरा. मग फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. सुरुवातीचे रुग्ण आमच्याच वेड रोड भागातले होते. सुमारे पन्नास माणसं गेली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. मी पाच वर्षांचा होतो. आईच्या साडीचा तुकडा तोंडाला बांधलेला आणि गाडीच्या खिडकीतून मला आत ढकलणारे नानांचे हात, एवढं मला आठवतं. पुढचं नानांनी सांगितलेलं आहे. गावात आम्हाला शिरू दिलं नाही. मळ्यातल्या खोपटात आठ दिवस राहिलो. आजी लांब बांधावर भाकरी ठेवून परत जायची. आणि सुरतेला परतलो तेव्हा लोकांचं बोट आमच्या वस्तीकडे होतं. बाहेरून आलेली माणसं, त्यांची घाण.

पुढचा इतिहास तुम्ही ऐकला असेल. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. शहराचे सहा झोन झाले, अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर उतरू लागले, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले आणि दोनेक वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. जानेवारी २०२४ मध्ये तर 'स्वच्छ सर्वेक्षण २०२३'च्या निकालात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. नानांच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ साधा आहे. कचरा घरातून आणि गल्लीतून वेळेवर गेला पाहिजे. तो गेला तर आपण स्वच्छ, राहिला तर घाण. आणि मी तो राहू द्यायला निघालो होतो.

मी मात्र इंजिनिअरच्या उत्साहात होतो. वाचन केलं. चार्ल्स डार्विनने आयुष्यातलं शेवटचं पुस्तक, १८८१ मधलं, गांडुळांवर लिहिलं हे मला तेव्हा कळलं. अमेरिकेत मिशिगनमधल्या मेरी ॲपलहॉफ या बाईंनी १९८२ मध्ये घरातल्या डब्यात गांडुळं पाळण्यावर छोटंसं पुस्तक काढलं आणि जगभरच्या स्वयंपाकघरांत ते डबे गेले. आपल्या पुण्यात डॉ. उदय भवाळकर (धृपद गाणारे नव्हेत, त्याच नावाचे दुसरे) यांनी गांडुळांवर अनेक वर्षं काम केलं. थोडक्यात, मी काही नवीन करत नव्हतो.

डबा असा केला. झाकणाचा ४५ लिटरचा प्लास्टिकचा डबा. तळाला पाणी निथळायला दहा भोकं, वरच्या कडेला हवेसाठी पंधरा. खाली दोन विटा आणि एक ताट. आत अंथरूण म्हणून भिजवलेलं कोकोपीट, फाडलेला गुजराती पेपर (चकचकीत पानं नकोत), सुका पाचोळा, दोन मुठी माती आणि जुनं शेणखत. हे मूठभर घेऊन पिळलं तर एखाद-दुसरा थेंब पडला पाहिजे, धार लागता कामा नये. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. कोरडं झालं तर गुदमरतं आणि पाण्यात बुडालं तरी गुदमरतं.

आठ दिवस अंथरूण मुरू दिलं आणि मग अर्धा किलो गांडुळं आणली, साधारण हजारभर. बागेतली माती उकरून काढलेली गांडुळं इथे चालत नाहीत. ती जमिनीत खोल बिळं करून राहणारी. डब्याला लागतात ती वरच्या थरात, कुजणाऱ्या पाल्यात राहणारी. सगळीकडे मिळतात ती लाल एसेनिया फेटिडा. हिशेब असा की गांडुळांच्या वजनाच्या निम्मं खाणं रोज. म्हणजे अर्ध्या किलोला पाव किलो, तेही सुरुवातीला त्याहून कमी. भाज्यांची सालं, केळ्याची आणि पपईची सालं बारीक करून, धुतलेला चहाचा चोथा, अंड्याच्या टरफलाची पूड. तेल, मीठ, मसाला लागलेलं काही नाही. दूध, दही, मटण नाही. लिंबू, मोसंबी, कांदा, लसूण जवळजवळ नाहीच. आमच्या खानदेशी घरात भरताचं वांगं भाजून झालं की त्याची साल आणि देठ डब्यात जाऊ लागले. फोडणीतलं मात्र काही जात नव्हतं.

मी एक्सेलची शीट केली. तारीख, खाण्याचे ग्रॅम, तापमान, ओल. रोज सकाळी आठला लॅपटॉप उघडायच्या आधी नोंद.

चौथ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या मासी आल्या. त्या जैन आहेत, सत्तरीच्या पुढच्या. सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणी गाळून पितात. मुलीने त्यांना डबा दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं.

"अळसियां? घरमां?"

मी खताचं, कचऱ्याचं, पर्यावरणाचं सगळं भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अने मरी जाय तो, दीकरा?"

मरणार नाहीत, मासी, मी म्हणालो. मी सगळं मोजतोय.

फेब्रुवारी, मार्च छान गेले. वास नाही, चिलटं नाहीत. मी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकले. एप्रिलमध्ये गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला चढलेली दिसू लागली. डब्यात काहीतरी बिनसलं की गांडुळं वर चढतात, हे मी वाचलं होतं. पण शीटमध्ये सगळे आकडे ठीक होते. सकाळी आठला डब्यात २९, कधी ३० अंश. या जातीला ते जरा जास्तच, पण चालवून घेण्यासारखं. मी दुर्लक्ष केलं.

मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही चौघं चार दिवस नाशिकला गेलो. नाना घरी राहिले. निघायच्या रात्री पाहुण्यांसाठी आमरस झाला होता. सगळी आंब्याची सालं आणि अर्ध्या कलिंगडाचं साल मी डब्यात कोंबलं. चार दिवसांचं खाणं एकदम, म्हणजे नानांना त्रास नको.

परत आलो तर लिफ्टमधून बाहेर पडताच वास आला. आंबट, कुजका, घशात बसणारा. दारात नाना उभे होते. गॅलरी धुतलेली होती, डबा रिकामा करून उलटा घातला होता. वास तरीही भिंतीत होता.

"परवा दुपारी कळलं," ते म्हणाले. "झाकण उघडलं तर सगळी एकमेकांत गुंतून मेलेली. कालच खाली नेलं."

मी गप्प. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ज्या माणसाने तीस वर्षं घरात कचऱ्याचा वास राहू दिला नाही, त्याच्या दारात मी तो आणला होता. मजल्यावरच्या सगळ्यांनी तो घेतला होता. चौऱ्याण्णवनंतर "तुमची घाण" हे शब्द ज्यांनी ऐकले, त्यांनी पुन्हा शेजाऱ्यांना स्पष्टीकरण दिलं होतं.

संध्याकाळी ते चहा घेताना म्हणाले, "तू सकाळी मोजायचास. दुपारी दोनला गॅलरीत कधी उभा राहिलास का? तिथे तेव्हा ऊन असतं. डब्याला हात लावला तर चटका बसतो."

मी दुपारी दोनला आतल्या खोलीत एसी लावून मीटिंगमध्ये असायचो. माझ्या शीटमध्ये माझ्या सोयीची वेळ होती, गांडुळांची नव्हती. त्यात ढीगभर ओली सालं एकदम घातली की ती आंबतात, आणि आंबताना स्वतःच गरम होतात. वरून ऊन, आतून ऊब. एसेनिया पस्तिशीच्या वर तग धरत नाही.

दुसऱ्या दिवशी मासींना जिन्यात भेटलो. त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, मासी, मेली सगळी. त्या थोडा वेळ थांबल्या. "ध्यान राखवुं पडे ने," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचं न ओरडणंही नानांसारखंच लागलं. घरात कुत्रा पाळताना आपण दहा वेळा विचार करतो. हजार जीव आणताना मी फक्त डिलिव्हरीची तारीख पाहिली होती.

विषय तिथेच संपला असता. जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला. जुलैत एका रविवारी नानांनी मला खाली हाक मारली. सोसायटीच्या कुंपणाशी कडुलिंब आहे, त्याच्या बुंध्याशी ते उकिडवे बसले होते. मे महिन्यात त्यांनी डब्यातलं सगळं तिथे खड्डा करून पुरलं होतं. वर सुका पाला टाकून, पाणी शिंपडून. गावाकडे उकिरडा झाकतात तसं. आता त्यांनी काडीने वरचा पाला बाजूला केला. खाली काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात लाल, बारीक, वळवळणारी पिल्लं. काही गांडुळं जगली असतील, किंवा कोष शिल्लक असतील. गांडुळाचे कोष मोहरीहून थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे असतात, आणि मोठी गांडुळं मेली तरी ते तग धरू शकतात. एका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात.

नानांनी मूठभर माती उचलून नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. पहिल्या पावसाचा वास होता.

"करायचं तर नीट करू," ते म्हणाले. 'कर' नाही, 'करू'.

दुसरा डबा त्यांच्या पद्धतीने लागला. जागा बदलली. गॅलरीच्या ज्या कोपऱ्यात दिवसभर ऊन येत नाही, धुण्याच्या मशीनच्या मागे, तिथे. वर जुनं गोणपाट, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा ओलं करायचं. खाणं एका वेळी एकाच कोपऱ्यात पुरायचं, पुढच्या वेळी दुसऱ्या, आणि आधीचं संपत आल्याशिवाय नवं नाही. प्रत्येक वेळी ओल्याच्या दुप्पट सुकं वर पसरायचं. सुक्यासाठी कडुलिंबाचा पाला भरपूर होता, पण तो थोडाच घ्यायचा असं ठरलं, कारण कडुलिंब कीड मारतो तर यांनाही त्रास देईल ही नानांची शंका. बाकी पुठ्ठा. आमच्याकडे ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांना तोटा नाही. चिकटपट्टी काढायची, फाडायचं, भिजवायचं. आणि गावाला जायचं असेल तर जास्त खाणं घालायचं नाही, उलट कमी. पंधरा दिवस उपाशी ठेवली तरी गांडुळं अंथरूणच खाऊन राहतात. ढीग घातला तर मात्र मरतात. मी केलं होतं त्याच्या बरोबर उलट.

उन्हाळा कडक असणाऱ्या गावांतल्या वाचकांसाठी एक सूचना. युड्रिलस युजेनी ही आफ्रिकी जात किंवा पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याकडची निळसर झाक असलेली जात एसेनियापेक्षा उष्ण हवेत जास्त रुळते. विकत घेतानाच विचारा. आम्ही पुढच्या हिवाळ्यात थोडी युड्रिलस आणून मिसळली.

डब्याचं वर्ष कतारगामच्या वर्षासारखं चालतं हे मला हळूहळू कळलं. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा पाणी शिंपडायचं नाही, पुठ्ठा वाढवायचा. चिलटं झाली तर खाणं उघडं राहिलंय असं समजायचं. मुंग्या लागल्या तर डबा कोरडा पडलाय. वास आला तर खाणं बंद, सुकं घालून हलक्या हाताने वर-खाली करायचं. दिवाळीत कतारगाम रिकामं होतं, आम्हीही गावी जातो. डबा शांत असतो. मग उत्तरायणाच्या आधी घरोघरी उंधियुची तयारी सुरू होते आणि सालांचा डोंगर होतो. पापडीचे दोरे, रताळ्याची, कंदाची, वांग्याची सालं. त्या दिवसांत सगळं घालायचा मोह आवरावा लागतो. जास्तीचं सरळ महापालिकेच्या गाडीत ओल्या कचऱ्यात देतो. त्यात कमीपणा नाही.

आणि मासी. पर्युषणानंतर एके दिवशी त्यांनी स्टीलच्या वाटीतून दुधीची सालं आणून दिली. बारीक चिरलेली. मग ते नेहमीचंच झालं. त्यांच्या घरात कांदा, लसूण, बटाटा शिजत नाही. म्हणजे गांडुळांना न मानवणाऱ्या कांदा-लसणाची पाती-सालं त्यांच्या वाटीत येतच नाहीत. आमच्या घरापेक्षा त्यांचा कचरा डब्याला जास्त चांगला, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. वाटी देताना त्या अजूनही झाकण उघडायला लावतात आणि बघून घेतात. मला वाटतं, मोजायला नाही, विचारपूस करायला. मीही आता शीट ठेवत नाही. दुपारी मीटिंगच्या मध्ये उठून डब्यावर हात ठेवून येतो.

पहिलं खत नोव्हेंबरमध्ये निघालं. काढायची सोपी रीत अशी. आठवडाभर आधी खाणं एकाच बाजूला घालायचं, बहुतेक गांडुळं तिकडे सरकतात. दुसऱ्या बाजूचं काळं खत कागदावर छोट्या ढिगांत काढून उजेडात ठेवायचं. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली जातात. वरचा थर हाताने काढत जायचा, शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो, तो परत डब्यात. हे काम मुलगी करते. कोष सापडले की "बेबी बेबी" ओरडून वेगळे काढते. कुंडीत चार भाग मातीला एक भाग खत पुरतं. ताटात कधी तपकिरी पाणी जमलं तर दहापट पाणी घालून झाडांना द्यावं, पण डबा नीट असेल तर ते फारसं येतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका घरचा पाव किलो कचरा, त्याने शहराला काय फरक पडतो? खरंच फारसा पडत नाही. लाखो लोकांच्या शहराचा कचरा गाडी, कामगार आणि यंत्रणेनेच उचलायला हवा. ती नसेल तर काय होतं ते वेड रोडने पाहिलं आहे, आणि माझे नाना ते कधी विसरणार नाहीत. मी त्यांना चूक ठरवायला निघालो होतो. ते चूक नव्हते. ज्या कचऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही तोच कचरा माणसं मारतो, हे ते म्हणत होते. माझ्या पहिल्या डब्याने तेच सिद्ध केलं. दुसऱ्या डब्याकडे रोज कुणीतरी लक्ष देतं, एवढाच फरक.

ऑगस्ट २०२४ मध्ये नानांनी एका वाडीवाल्याकडून पापडीचं बी आणलं. गच्चीवर दोन जुन्या टबांत माती, आमचं खत आणि काठ्यांचा मांडव. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर एक आक्षेपही आला, गळतीचा. नानांनी टबांखाली विटा आणि ताटं घातली आणि आक्षेप मिटला. थंडीत जांभळट फुलं आली, मग शेंगा.

मागच्या उत्तरायणाला आईने उंधियु केला तेव्हा पापडी लागली दीड किलो. त्यातल्या आमच्या गच्चीवरच्या होत्या जेमतेम पाव किलो. बाकी बाजारातली. एक वाटी मासींकडे गेली, कंद आणि रताळं वगळून केलेली, त्यांच्यासाठी वेगळी. नानांनी ताटात पापडी उलटून-पालटून पाहिली आणि विचारलं, "यातली आपली कोणती?" आई म्हणाली, "आता काय ओळखता येणार आहे?"

मग ते जेवले. जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे सालं घेऊन उठले, पण जिन्याकडे न जाता गॅलरीकडे गेले. थोडी डब्यात घातली, वर पुठ्ठा पसरला, गोणपाट झाकलं. उरलेली सकाळच्या गाडीसाठी बाजूला ठेवली.

तुमच्यापैकी कुणाला सुरू करायचं असेल तर दोन गोष्टी. एक, एप्रिल-मे टाळा, पावसाच्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यात किंवा दिवाळीनंतर सुरुवात करा. दुसरी, गांडुळं विकत घ्यायची घाई करू नका. ज्याच्याकडे डबा चालू आहे त्याच्याकडे मागा. चांगल्या डब्यात ती दोन-तीन महिन्यांत दुप्पट होतात आणि द्यायला कुणीतरी हवंच असतं. सुरतेला येणं झालं तर आमच्याकडे या. झाकणाला भोकं पाडलेला डबा आणा. मूठभर गांडुळं देतो, त्यांच्याच अंथरुणासकट. फक्त नाना आधी विचारतील की तुमच्या गॅलरीत दुपारी दोनला ऊन कुठे असतं. बघून ठेवा.